रामनगरसमोरचा किनारा आणि जेम्स प्रिन्सेप

वाराणसीच्या पलीकडच्या तीरावर, रामनगरच्या किल्ल्यापाशी उभे राहिले की उजव्या हाताला काशीचा किनारा धनुष्यासारखा वळत दूर जाताना दिसतो. पूर्वेकडे निघालेली गंगा येथे काही अंतर उत्तरवाहिनी होते. तिचा पश्चिम तीर उंच व टणक आहे आणि त्यावर अस्सीपासून राजघाटापर्यंत घाटांच्या पायऱ्या उतरत आल्या आहेत. पूर्वेचा तीर बहुतेक रेतीचा; पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, हिवाळ्यात पुन्हा उघडा पडतो. सूर्य या मोकळ्या रेतीवरून उगवतो आणि त्याचे पहिले ऊन समोरच्या पायऱ्यांवर, देवळांवर आणि वाड्यांच्या भिंतींवर सरळ पडते. जगातील अनेक चित्रकारांना या किनाऱ्याने खेचून आणले, त्यामागे श्रद्धेइतकाच या उजेडाचाही वाटा आहे.

त्यांतील बहुतेक चित्रकार आले, काही दिवस राहिले आणि रेखाटने घेऊन परतले. जेम्स प्रिन्सेप यांची गोष्ट निराळी आहे. ते चित्रकार म्हणून आलेच नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या बनारस टांकसाळीत धातूंचा कस पाहणारे अधिकारी म्हणून ते १८२० मध्ये येथे आले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढची दहा वर्षे त्यांनी हा किनारा मोजला, दुरुस्त केला आणि मनापासून रेखाटला. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडणारे संशोधक ही त्यांची ओळख सर्वत्र आहे. त्याआधीचे काशीतील दशक मात्र मराठी वाचकांना फारसे परिचित नाही. वास्तविक या चित्रांतील निम्मा किनारा मराठी माणसांनी उभारलेला आहे, असे म्हटले तर ती फार अतिशयोक्ती ठरणार नाही.

अधू झालेले डोळे

प्रिन्सेप यांचा जन्म इंग्लंडमध्ये २० ऑगस्ट १७९९ रोजी झाला. वडील जॉन प्रिन्सेप तरुणपणी जवळजवळ रिकाम्या हाताने हिंदुस्थानात आले होते. निळीच्या व्यापारात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली, मायदेशी परतून ते पार्लमेंटचे सभासदही झाले. पण पुढे ही संपत्ती ओसरली. घरात मुले पुष्कळ होती आणि जेम्स हे सातवे पुत्र. भावांपैकी अनेकांनी नशीब काढण्यासाठी हिंदुस्थानचीच वाट धरली.

जेम्स यांची बोटे लहानपणापासून चालत. दारे-खिडक्या उघडतील-मिटतील अशी वीतभर लांबीची घोडागाडी त्यांनी बालवयात तयार केल्याचे सांगितले जाते. हा कल पाहून त्यांना ऑगस्टस प्यूजिन या नामांकित वास्तुरेखाकारांकडे शिकायला ठेवण्यात आले. इमारतीची कमान, तिची सावली, दगडाच्या थरांची रेषा कागदावर अचूक उतरवण्याची शिस्त त्यांना तेथे लागली. मात्र याच बारीक कामात त्यांच्या डोळ्यांना विकार जडला. वास्तुकार होण्याचे स्वप्न सोडावे लागले. वडिलांनी ओळखीपाळखीतून कंपनीच्या टांकसाळीत जागा मिळण्याची शक्यता शोधली आणि मुलाला रसायनशास्त्र व कस पाहण्याची विद्या शिकवली. लंडनच्या शाही टांकसाळीत उमेदवारी करून जेम्स १८१९ च्या सप्टेंबरमध्ये कोलकात्याला पोहोचले. तेथील टांकसाळीत त्यांचे वरिष्ठ होते होरेस हेमन विल्सन. ते संस्कृतचे गाढे अभ्यासक होते. पुढील वर्षी तरुण जेम्स यांची नेमणूक बनारसला झाली.

सुदैवाने डोळे हळूहळू सुधारले होते. ज्या विद्येवर पाणी सोडावे लागले, तिच्यासाठी जणू राखून ठेवलेला किनारा त्यांच्यासमोर आला. पायऱ्यांच्या शेकडो आडव्या रेषा, त्यांना छेदणारे बुरूज, देवळांची शिखरे, मठांचे सज्जे, घाटावरच्या वेताच्या छत्र्या आणि खाली सतत हलणारे पाणी असे दृश्य वास्तुरेखन शिकलेल्या माणसाला आणखी कोठे मिळाले असते?

आधी नकाशा, मग चित्र

काशी रेखाटणारे ते पहिले इंग्रज नव्हेत. विल्यम हॉजेस हे चित्रकार १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जसोबत येथे आले होते. राजा चेतसिंग आणि कंपनी यांच्यातील संघर्ष त्याच वेळी पेटला. रामनगरच्या अरुंद गल्ल्यांत शिरलेल्या कंपनीच्या तुकडीची दाणादाण उडाली आणि हेस्टिंग्जला चुनारला पळ काढावा लागला. त्यानंतर थॉमस आणि विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे येऊन गेले. या चित्रकारांनी काशीचे रम्य, थोडे स्वप्नवत रूप युरोपात नेले. प्रिन्सेप यांची पद्धत वेगळी होती. त्यांनी आधी शहराची मोजणी केली. गल्ली-बोळांसह संपूर्ण बनारसचा नकाशा त्यांनी १८२२ मध्ये तयार केला. ज्या शहरात परक्या माणसाला दोन वळणांनंतर दिशा उमगत नाही, तेथे हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना येते. चित्रे या पायपिटीच्या सोबतीने होत गेली.

म्हणून त्यांच्या रेखाटनांत घाट ही केवळ पार्श्वभूमी राहत नाही. पायऱ्या कोठे खचल्या आहेत, कोणत्या बुरुजाचा पाया पाण्याने पोखरला आहे, कोणती भिंत अर्धवट राहिली आहे, हे त्यांत दिसते. मणिकर्णिकेवरील लाकडांचे ढीग दिसतात, दशाश्वमेधावरची होड्यांची गर्दी दिसते, ग्रहणाच्या स्नानासाठी लोटलेला जनसमुदाय दिसतो. ठठेरी बाजारासारखी शहराच्या आतली दृश्येही आहेत. तरीही संग्रहात नदीकडून पाहिलेली चित्रे सर्वांत सरस उतरली आहेत, यात शंका नाही. बोळांत नजर अडते. पाण्यावरून पाहताना मात्र प्यूजिन यांच्याकडे शिकलेल्या हाताला पुरेसे अंतर मिळते.

मराठी पायऱ्या

प्रिन्सेप काशीत होते तो काळ मराठ्यांच्या दृष्टीने पडता काळ होता. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली होती. तिचे अनेक वारस आणि आश्रित गंगेच्या काठी येऊन राहिले होते. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव काशीतच १८२४ मध्ये निवर्तले. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पाही येथेच होते आणि त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांची कन्या मणिकर्णिका, म्हणजे पुढच्या झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, यांचे जन्मवर्ष बहुधा १८२८ सांगितले जाते. तसे असेल तर प्रिन्सेप घाट रेखाटत होते, त्याच दिवसांत त्या घाटांलगतच्या शहरात ही मुलगी जन्मली.

राज्य गेले तरी दगड उभे होते. दशाश्वमेध घाटाच्या बांधणीशी पेशव्यांचे नाव जोडलेले आहे. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये उभारले आणि मणिकर्णिकेवरही बांधकाम केले. नागपूरकर भोसल्यांचा घाट व वाडा होता. त्यांचे दिवाण श्रीधर नारायण मुनशी यांनी बांधलेला घाट आजही मुनशी घाट म्हणूनच ओळखला जातो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास प्रचंड घाट बांधायला घेतला. त्याचे वजन नदीकाठच्या जमिनीला पेलवले नाही, तो खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला.

याच शिंदे घाटाजवळ रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. ते आज एका बाजूला ठळकपणे कललेले दिसते आणि त्याविषयी नाना आख्यायिका सांगितल्या जातात. प्रिन्सेप यांच्या चित्रांत हे देऊळ आहे. त्याचे दार पाण्याखाली गेले की पुजारी बुडी मारून आत पूजेला जात, अशी नोंदही त्यांनी केली. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील छायाचित्रांतही देऊळ कललेले आढळत नाही. म्हणजे शतकानुशतकांचा मानला जाणारा हा कल बराच अलीकडचा आहे. किनारा आवडला म्हणून काढलेली चित्रे अशी पुढच्या काळात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहतात. औरंगजेबाच्या काळात पाडलेल्या जुन्या विश्वेश्वर मंदिराचा त्यांनी अनुमानाने काढलेला आराखडा तर आजही इतिहासकारांच्या आणि वादविवादांच्या केंद्रस्थानी आहे.

पंचगंगा घाटावरील आलमगीर मशिदीचे उंच मिनार त्या काळी सगळ्या किनाऱ्याची खूण होते. लोक त्यांना माधवरावाचा धरहरा म्हणत. त्यांचा पाया डळमळीत झाला, तेव्हा तो पक्का करण्याचे काम प्रिन्सेप यांनी अंगावर घेतले आणि पार पाडले. विसाव्या शतकात ते मिनार नाहीसे झाले. शहराच्या सखल भागातील साचलेल्या तलावांचे पाणी नदीत सोडण्यासाठी त्यांनी भर वस्तीखालून कमानदार भुयारी नाला काढला; रोगराई आणि दुर्गंधी यांवर तो मोठा उपाय ठरला. चित्रकार ज्या दृश्यावर प्रेम करतो, त्याच्या गटारांची चिंता सहसा करीत नाही.

काशीच्या पूर्वेला कर्मनाशा नावाची नदी आहे. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तरी सारे पुण्य नष्ट होते, अशी समजूत असल्याने यात्रेकरूंना दुसऱ्याच्या खांद्यावर बसून ती ओलांडावी लागे. नाना फडणविसांनी तेथे पूल बांधायला घेतला होता, परंतु वाळूत पाया ठरेना आणि काम अपुरे राहिले. पुढे काशीचे धनिक राय पटनीमल यांनी पैसा पुरवला आणि प्रिन्सेप यांच्या आराखड्यानुसार दगडी पूल उभा राहिला. पुण्यातील मुत्सद्द्याने आरंभलेले काम असे एका इंग्रज कसपारख्याच्या हातून तडीस गेले.

रामनगरची लीला

या साऱ्या वर्षांत पलीकडच्या तीरावर रामनगरला काशीनरेश उदित नारायण सिंह यांचा दरबार होता. चुनारच्या पिवळसर दगडातील तेथील किल्ला राजा बळवंत सिंह यांनी १७५० च्या सुमारास बांधला. कंपनीने सत्ता जवळजवळ सगळी काढून घेतली होती. राजाकडे उरला होता मान, आणि त्या मानाला साजेसा एक उत्सव. उदित नारायण सिंहांच्या आश्रयाखाली रामनगरची रामलीला आकाराला येत होती. पुढे ईश्वरी प्रसाद नारायण सिंह यांच्या कारकिर्दीत तिला आजचे एकतीस दिवसांचे रूप मिळाले. येथे रंगमंच एका जागी नसतो. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका ही स्थळे गावभर विखुरलेली असतात आणि प्रेक्षक रामाच्या मागोमाग चालत राहतात.

ही लीला पाहून प्रिन्सेप यांनी तिचे वर्णन लिहिले. तिच्याविषयीच्या सर्वांत जुन्या लेखी वृत्तान्तांत त्याची गणना होते. त्यांच्या लेखनात कंपनीच्या अधिकाऱ्याचा सूर अधूनमधून डोकावतो. ते सत्तेचे नोकर होते. त्यांचा नकाशा आणि त्यांची आकडेवारी राज्यकर्त्यांच्याच उपयोगाची होती, हे विसरून चालणार नाही. पण गर्दीचा तिटकारा त्यांच्या चित्रांत नाही. माणसे ठिपक्यांसारखी मांडून ते मोकळे होत नाहीत. नाव ढकलणारा, ओले धोतर पिळणारा, छत्रीखाली बसलेला घाटिया असे वेगवेगळे जीव त्यात वावरतात. याच कुतूहलातून त्यांनी १८२८-२९ च्या सुमारास शहराची खानेसुमारी केली. तोपर्यंत बनारसची वस्ती सहा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज प्रचलित होता. घरे आणि माणसे मोजून प्रिन्सेप यांनी ती सुमारे एक लाख ऐंशी हजार असल्याचे दाखवून दिले.

नोकरीचे मूळ काम बाजूला पडले होते असे मात्र नाही. टांकसाळीच्या भट्टीतील प्रखर उष्णता सोने, चांदी व प्लॅटिनमच्या मिश्रधातूंच्या साह्याने कशी मोजावी, यावरील त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८२८ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी त्यांना सभासदत्व दिले. हवामानाच्या दैनंदिन नोंदीही ते ठेवत. एका माणसाच्या दिवसात इतके तास कोठून येत असत, हे कोडेच आहे.

किनाऱ्याचा निरोप

कंपनीने बनारसची टांकसाळ १८३० मध्ये बंद केली आणि प्रिन्सेप यांना कोलकात्याला परतावे लागले. काशीची चित्रे १८३० ते १८३४ या काळात तीन भागांत प्रसिद्ध झाली. रेखाटने लंडनला पाठवून तेथील कारागिरांकडून शिळाछापावर उतरवून घेतली होती. त्यामुळे छापील चित्रांत दुसऱ्या हातांचाही अंश आहे. काही ठिकाणी आकाश जरा जास्तच इंग्लिश वाटते.

कोलकात्यात दुःखाने स्वागत केले. बंधू थॉमस हे अभियंते होते आणि हुगळी नदीला सुंदरबनाच्या जलमार्गांशी जोडणारा कालवा बांधत होते. त्यांचा १८३० मध्ये घोड्यावरून पडून मृत्यू झाला आणि ते काम जेम्स यांनी पूर्ण केले. विल्सन इंग्लंडला गेल्यावर एशियाटिक सोसायटीचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. देशभरातून नाणी आणि शिलालेखांचे ठसे त्यांच्या टेबलावर येऊन पडू लागले.

यानंतरची हकीकत प्रसिद्ध आहे. दिल्ली आणि अलाहाबाद येथील स्तंभांवरची अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. जर्मन पंडित ख्रिस्तियान लासेन यांनी १८३६ मध्ये एका ग्रीक राजाच्या नाण्यावरून त्यांतील काही अक्षरे ओळखली होती. सांचीच्या कठड्यावरील छोट्या छोट्या लेखांच्या प्रती १८३७ मध्ये प्रिन्सेप यांच्यासमोर आल्या. ते छपाईसाठी मांडून ठेवताना त्यांच्या ध्यानात आले की जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतो. देवळांत भाविक दगड, खांब, पायऱ्या अर्पण करतात आणि त्यावर आपली नावे कोरतात, हे त्यांना ठाऊक होते. काशीत दहा वर्षे राहिलेल्या माणसाला ते ठाऊक असणारच. तेथील किनारा म्हणजे अशाच दानांची रांग होती. ती दोन अक्षरे ‘दानं’ अशी असावीत, हा तर्क बरोबर ठरला आणि अवघ्या काही आठवड्यांत सारी वर्णमाला हाती आली. पंडित कमलाकांत यांचे साह्य त्यांना होते. सिंहलद्वीपातील जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे लेखांतील प्रियदर्शी राजा म्हणजे अशोक असल्याचे दाखवले. कार्ले आणि नाशिक येथील लेण्यांतील लेख वाचण्याची वाटही यामुळेच मोकळी झाली. खरोष्ठी लिपीच्या उलगड्यातही १८३८ पर्यंत त्यांनी मोठी मजल मारली.

त्याची किंमत शरीराने मोजली. असह्य डोकेदुखी सुरू झाली, मेंदूचा विकार बळावला आणि स्मृती साथ देईना. पत्नी हॅरिएट आणि लहानगी मुलगी यांच्यासह १८३८ च्या अखेरीस त्यांना जहाजावर चढवण्यात आले. इंग्लंडमध्ये प्रकृती सावरली नाही. लंडन येथे २२ एप्रिल १८४० रोजी त्यांचे निधन झाले. वयाची एकेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

कोलकात्याच्या नागरिकांनी वर्गणी जमवून हुगळीच्या काठी त्यांचे स्मारक उभारले. पुतळ्याऐवजी त्यांनी घाट निवडला. उंच खांबांचा मंडप आणि नदीत उतरणाऱ्या पायऱ्या असा हा प्रिन्सेप घाट १८४३ मध्ये तयार झाला. कालांतराने काठाची जमीन पुढे सरकली, नदी मागे हटली आणि मंडप पाण्यापासून दूर पडला. आता मंडप आणि नदी यांच्यामधून रस्ता जातो, लोहमार्गही जातो. संध्याकाळी खांबांच्या आडोशाला मुले बसलेली असतात आणि पुढ्यातल्या होड्या गिऱ्हाइकांची वाट पाहत असतात.